मधल्या आकाशाची मोजणी

पृथ्वीच्या प्रकृतीची विचारपूस माणसाने आजवर मुख्यतः दोन जागांवरून केली आहे. पहिली जागा जमिनीवरची. वेधशाळेच्या आवारातील पर्जन्यमापक, पुलाच्या खांबावर रंगविलेली पाणीपातळीची पट्टी, बंदरातील भरतीमापक, हिमनदीत रोवलेल्या काठ्या ही त्या जागेची साधने; ती ज्या बिंदूवर उभी असतात त्या बिंदूपुरते निष्ठेने खरे सांगतात आणि चार कोसांपलीकडे काय घडले याविषयी मौन पाळतात. दुसरी जागा अवकाशातील. विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरांवर पृथ्वीच्या गतीशी गती जुळवून राहिलेले हवामान-उपग्रह आणि सातआठशे किलोमीटरांवरून एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फेऱ्या घालणारे भूनिरीक्षक उपग्रह यांना एका दृष्टिक्षेपात अख्खा अरबी समुद्र दिसतो. मात्र त्यांच्या आणि समुद्राच्या मधल्या हवेत जे जे काही आहे ते एकावर एक चढलेले, एकाच चित्रात मिसळून गेलेले दिसते. या दोन जागांच्या मध्ये, भूपृष्ठापासून वीसएक किलोमीटरांपर्यंत, हवेचा जो पट्टा आहे त्यातच मोसमी ढग घडतात आणि विरतात, वणव्यांचा धूर आणि गिरण्यांची काजळी वाहत जाते, चक्रीवादळे समुद्राची ऊब उचलून घेतात. आणि नेमक्या त्याच पट्ट्याविषयी आपल्या दप्तरी असलेल्या नोंदी, त्याचे महत्त्व पाहता, फार विरळ आहेत.

वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानांचा पृथ्वीविज्ञानाने जो अंगीकार केला त्याचे कारण या विरळपणात शोधले पाहिजे. लग्नसमारंभाची आणि मिरवणुकांची छायाचित्रे घेणारे चार पंख्यांचे यंत्र आता खेड्यापाड्यांतही परिचयाचे झाल्यामुळे, ड्रोन म्हणजे उंचावर नेलेला कॅमेरा असा एक समज रूढ झाला आहे, आणि संशोधनातील त्याच्या उपयोगाविषयी जे लिहिले जाते तेही पुष्कळदा या समजाच्या हद्दीतच घुटमळते. मला वाटते, या विमानांचे मोठे कार्य पाहण्यापेक्षा पडताळण्याचे आहे. उपग्रहाने दुरून दिलेली साक्ष खरी किती आणि अंदाज किती, याची प्रत्यक्ष त्या हवेत, त्या धुरात, त्या बर्फाच्या कड्याशी जाऊन रुजवात करणे हे काम दुसरे कोणतेही साधन इतक्या सातत्याने आणि इतक्या थोड्या जोखमीत करू शकत नाही. पुढील प्रकरणांत यंत्रांचे आणि उपकरणांचे तपशील येतीलच. या प्रस्तावनेत ते काम कसे उभे राहिले आणि त्याची किंमत कशी ओळखावी, एवढेच सांगण्याचा मानस आहे.

माणसाऐवजी उपकरण आकाशात पाठवावे ही कल्पना आजची नाही, आणि तिच्या मुळाशी माणसांचे मृत्यू आहेत. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टनहून जेम्स ग्लेशर हा हवामानशास्त्रज्ञ आणि हेन्री कॉक्सवेल हा बलूनचालक उंच हवेचे तपमान व आर्द्रता मोजण्यासाठी वर गेले, तेव्हा नऊ किलोमीटरांच्या सुमारास ग्लेशरची शुद्ध हरपली, आणि थंडीने हात निकामी झालेल्या कॉक्सवेलने झडपेची दोरी दातांनी ओढली म्हणूनच ते दोघे जिवंत परतले. पुढे १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनातून तिघेजण अशाच उद्देशाने वर गेले. त्यांपैकी क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे प्राणवायूच्या अभावी वरच मृत्यू पावले, आणि एकटा गास्तों तिसांदिये परत आला. यानंतर पॅरिसजवळच्या त्राप येथे स्वतःच्या वेधशाळेतून लेओं तेसरां द बॉर या संशोधकाने माणूस न बसविता, केवळ स्वयंलेखी उपकरणे बांधून, शेकडो बलूने चिकाटीने सोडली, आणि सुमारे अकरा किलोमीटरांच्या वर तपमान उतरायचे थांबते हे १९०२ साली जाहीर केले. ज्या थराला आज आपण स्थितांबर म्हणतो त्याचा शोध असा लागला. ज्याच्या अलीकडेच माणसे गुदमरून गेली त्या थराचे अस्तित्व माणसाला बरोबर न नेणाऱ्या उपकरणाने सिद्ध केले, ही गोष्ट या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आरंभीच ध्यानात घ्यावी. वैमानिकरहित विमान हे त्याच परंपरेचे अपत्य आहे, केवळ युद्धशास्त्राचे नव्हे.

बलूनाचे सामर्थ्य मोठे, पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. आजही जगभरच्या वेधशाळा साधारणतः दिवसातून दोन वेळा बलूनाला ‘रेडिओसाँड’ हे मोजमापे रेडिओने कळविणारे उपकरण बांधून वर सोडतात आणि त्यावरच हवामानाच्या अंदाजाची पुष्कळशी इमारत उभी असते. परंतु बलून वाऱ्याच्या स्वाधीन असते, ते एखाद्या ढगाभोवती घिरट्या घालू शकत नाही, धुराच्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जाऊ शकत नाही, आणि महासागरावर, जिथे वादळे जन्मतात तिथे, ते सोडायला कोणी उभेही नसते. ही उणीव माणसांनी चालविलेल्या विमानांनी भरून काढली, आणि त्या वैमानिकांच्या धैर्याविषयी लिहावे तितके थोडेच आहे. तथापि त्या धैर्यालाही सीमा आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळात अमेरिकेचे एक संशोधन-विमान अवघ्या पंधराशे फुटांवरून भिंतीसारख्या उभ्या ढगांत शिरले, त्याचे एक इंजिन निकामी झाले, आतील सामान उखडून इतस्ततः फेकले गेले, विमान झपाट्याने समुद्राकडे ढळले, आणि वादळाच्या शांत मध्यभागात पोचल्यावरच ते कसेबसे सावरले. वस्तुतः वादळाचे बळ ठरते ते समुद्रपृष्ठालगतच्या शेपाचशे फुटांत, जिथे पाण्याची ऊब आणि बाष्प हवेत चढते. आणि नेमक्या त्याच उंचीवर माणसाला नेणे हे यापुढे कोणत्याही विवेकी अधिकाऱ्याने मंजूर करण्यासारखे उरले नाही.

तेथवर जाण्याची वाट दाखविली ती एका चिमुकल्या विमानाने. ऑगस्ट १९९८ मध्ये ‘एरोसाँड’ जातीचे, सुमारे तेरा किलो वजनाचे ‘लाइमा’ नावाचे विमान कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या बेल बेटावर एका धावत्या मोटारीच्या टपावरून उडाले आणि सुमारे ३,२७० किलोमीटरांचा अटलांटिक महासागर पावणेसत्तावीस तासांत ओलांडून स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर उतरले. या प्रवासाला लागलेले इंधन सात लिटरांहूनही कमी होते. आपल्याकडे एखादी दुचाकी जेवढ्या इंधनात आडवाटेचे दोनचार तालुके हिंडून येईल तेवढ्यात एका यंत्राने महासागर पार करावा, ही गोष्ट त्या काळी हवामानशास्त्रज्ञांना किती आशादायक वाटली असेल याची कल्पना करता येते. याच जातीच्या विमानाने २००५ साली ‘ओफेलिया’त आणि २००७ साली ‘नोएल’ चक्रीवादळात शिरून, समुद्रपृष्ठालगतच्या, ‘नोएल’मध्ये तर शंभर मीटरांहूनही कमी उंचीवरील, वाऱ्याची व तपमानाची मोजमापे पाठविली. त्यानंतर विमानाच्या पोटातून नळीवाटे सोडता येणारी ‘कायोटी’सारखी लहान, पुन्हा हाती न येणारी याने आली, २०१४ साली ‘एदुआर’ वादळात ती प्रथम उतरविली गेली. यान गमवायचेच आहे हे आधीपासून गृहीत धरून निरीक्षण आखता येणे, हा मोठाच मनःपालट होता.

परंतु या सर्व प्रयोगांत मला जो सर्वांत मननीय वाटतो तो अमेरिकेच्या किनाऱ्यावर झालेला नाही. तो आपल्या शेजारी, मालदीव बेटांवर झाला, आणि त्याचा विषय आपल्याच घरातला धूर होता. मदुराईत जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले वीरभद्रन रामनाथन यांनी अमेरिकेत संशोधन करीत असताना, १९७५ सालीच, शीतकपाटांतील क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू उष्णता कोंडून धरतात हे दाखवून दिले होते. पुढे १९९९ साली हिंदी महासागरावर अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी मिळून जी मोठी निरीक्षणमोहीम केली, तिच्या धुरीणांत ते होते. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे वारे दक्षिण आशियातील चुलींचा, गोवऱ्यांचा, शेतात जाळलेल्या धाटांचा, मालमोटारींचा आणि कोळशाच्या भट्ट्यांचा धूर समुद्रावर वाहून नेतात आणि त्याचा तपकिरी थर लाखो चौरस किलोमीटरांवर पसरून राहतो, हे त्या मोहिमेने निर्विवादपणे पुढे आणले. त्या थराखाली समुद्राला मिळणारा सूर्यप्रकाश कमी होतो, हेही कळले. मग प्रश्न उरला तो असा, की अडवलेला हा प्रकाश जातो कोठे? तो वरच्या वर परत फेकला गेला तर धूर पृथ्वीला थंड करतो. पण काजळीने तो गिळला, तर जमीन थंड आणि मधली हवा मात्र तापलेली, अशी विषम स्थिती उत्पन्न होते.

हा प्रश्न उपग्रहाने सुटण्यासारखा नव्हता, आणि का नव्हता हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या पुस्तकाचे प्रयोजनच त्यात आहे. उपग्रहाला पृथ्वीवरून परत येणारा एकूण प्रकाश दिसतो. त्यातला किती ढगाने परतविला, किती धुराने, आणि किती वाटेतच नाहीसा झाला, हे त्याला आकडेमोडीने अनुमानावे लागते, आणि अनुमानाच्या पोटात अनेक गृहीते दडलेली असतात. हवेच्या एखाद्या थराने प्रकाश किती शोषला हे नक्की करायचे तर त्या थराच्या वर किती प्रकाश आला-गेला आणि खाली किती आला-गेला, हे एकाच ठिकाणी व एकाच वेळी मोजून त्यांची वजाबाकी करावी लागते. एकच विमान आधी वर आणि मग खाली उडविले, तर मधल्या अर्ध्या तासात ढग सरकतो आणि वजाबाकी निरर्थक होते. माणसांनी चालविलेली तीन मोठी विमाने एकावर एक अशी उडवायची, तर खर्च अवाढव्य, आणि ढगाच्या आत-बाहेर ती परस्परांना अगदी जवळून धरून नेणे धोक्याचे.

रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००६ मध्ये मालदीवच्या उत्तरेकडील हनिमाधू बेटावरून तीन हलकी वैमानिकरहित विमाने उडविली. एक थराच्या वर, एक थरात आणि एक त्याच्या खाली, अर्धा ते तीन किलोमीटर उंचीच्या दरम्यान, एकाच उभ्या रेषेत राहतील अशी ती संगणकाने बांधून घेतलेली होती. त्यांच्यासाठी सूर्यप्रकाश मोजणारी, धूलिकण मोजणारी आणि काजळीचे शोषण मोजणारी उपकरणे नव्याने, अत्यंत हलकी करून, घडवावी लागली. प्रयोगशाळेत टेबलभर जागा घेणारे यंत्र आपल्या अचूकतेला बाध न आणता मुठीएवढे करणे, हेच या प्रयोगातले निम्मे शास्त्र होते, आणि वर्तमानपत्री वृत्तांतांत याच भागाला सर्वांत कमी जागा मिळाली. निष्कर्ष २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले: तपकिरी थरामुळे खालच्या वातावरणाचे सूर्यप्रकाशाने होणारे तापणे सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढते. ही मोजमापे हवामानाच्या गणिती प्रतिकृतीत घातल्यावर असेही दिसले, की या भागातील खालच्या हवेच्या तापण्यात धुराच्या थराचा वाटा हरितगृह वायूंच्या वाट्याइतकाच असावा, आणि दोघांनी मिळून होणारी दर दशकाला पाव अंशाची वाढ हिमालयातील हिमनद्यांच्या माघारीचा उलगडा करण्यास पुरेशी ठरावी.

या निष्कर्षाचा शेवटचा भाग प्रतिकृतीवर आधारलेला आहे, पहिला भाग प्रत्यक्ष मापनावर; हा भेद लेखकांनी स्वतःच काळजीपूर्वक राखला होता आणि वाचकानेही तो राखला पाहिजे. परंतु मापनाचा भाग मात्र ढळण्यासारखा नाही. आपल्या खेड्यांतील माउलीने धुराने डोळे चोळत केलेला स्वयंपाक, आणि मालदीवच्या समुद्रावर तीन किलोमीटर उंचीवर टिपलेली काजळी, यांच्यामधला संबंध आजवर तर्काचा होता. तो या विमानांनी दाखल्याचा केला. काजळी हवेत आठवडा-दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही, म्हणून ती आज थांबविली तर तिचे तापविणे महिन्याभरात उतरते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असे होत नाही. घरोघरी चांगली चूल आणि स्वच्छ इंधन पोचविण्याला आरोग्याखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते या मोजमापांतून आले, हे मला फार मोलाचे वाटते.

हिमालयातही या विमानांनी असेच एक अनपेक्षित काम केले. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील लिरुंग ही हिमनदी खडकांच्या व मातीच्या जाड थराखाली झाकलेली आहे. अशा हिमनदीवर चालणे जिवावरचे, आणि उपग्रहाच्या चित्रात ती नुसती करड्या दगडांची रास दिसते. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाचे वॉल्टर इमर्झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, हाताने फेकून उडविण्याजोगे लहान विमान या हिमनदीवरून नेले आणि दोन्ही वेळच्या छायाचित्रांतून पृष्ठभागाची उंची काढून ती परस्परांतून वजा केली. सरासरीने पृष्ठभाग मीटरभर खाली गेलेला आढळला, जे फारसे नव्हे. पण मातीच्या आवरणातून उघडे पडलेले बर्फाचे कडे आणि हिमनदीच्या पाठीवरची लहान तळी यांच्याभोवती बर्फ याच्या कित्येक पटींनी वितळला होता. सरासरीच्या आकड्यात जे लपले होते ते सेंटिमीटरांच्या चित्राने उघड केले. गंगेच्या खोऱ्यातील पाण्याचा भविष्यकालीन हिशेब मांडणाऱ्याला यापुढे हे कडे वगळून चालणार नाही.

मोठ्या विमानांच्या कथेत मी फार वेळ घालवणार नाही, कारण तिचे पुरेसे वर्णन अन्यत्र झाले आहे. तरी दोनतीन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत. अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००७ साली हवाई दलाकडून ‘ग्लोबल हॉक’ जातीची दोन विमाने मिळविली. पस्तीस मीटर पंखविस्ताराचे हे विमान वीस किलोमीटरांच्या आसपास उंचीवर सलग चोवीस तासांहून अधिक काळ उडू शकते, आणि कोणत्याही वैमानिकाला एका बैठकीत हे शक्य नाही. २०१२ ते २०१४ या काळात ते अटलांटिकवरील वादळांच्या माथ्यावर तासन्‌तास राहिले. एका फेरीत अठ्ठ्याऐंशीपर्यंत छत्रीधारी उपकरणे वादळात टाकण्याची सोय त्यात होती. २०१४ च्या आरंभी पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरून ते पृथ्वीलगतचे तपांबर आणि त्यावरचे स्थितांबर यांच्या सीमेवरील अतिशीत हवेतले पाण्याचे अंश मोजण्यासाठी उडाले. त्या उंचीवरील थोडीशी वाफही पृथ्वीच्या उष्णतेच्या हिशेबात मोठी उलथापालथ करू शकते, आणि तिथली मोजणी उपग्रहाला अतिशय अवघड जाते. दुसरी गोष्ट ‘इखाना’ या विमानाची: २००७ साली कॅलिफोर्नियातील वणव्यांवरून रात्रभर घिरट्या घालत त्याने धुराच्या पलीकडली आग उष्णतेच्या किरणांतून पाहिली आणि तिची चित्रे थोड्याच मिनिटांत आग विझविणाऱ्या अंमलदारांच्या हाती दिली. तिसरी गोष्ट ‘हेलिओस’ची. सूर्यप्रकाशावर चालणारे हे विमान १३ ऑगस्ट २००१ रोजी जवळजवळ साडेएकोणतीस किलोमीटर उंचीवर पोचले, आणि २६ जून २००३ रोजी हवाई बेटांपैकी काउआई बेटाजवळ हवेच्या खळबळीत विस्कटून समुद्रात पडले. महिनोन्‌महिने आकाशात राहणाऱ्या विमानाचे स्वप्न त्यामुळे मोडले नाही, पण अवाढव्य आणि अतिहलक्या पंखाला वारा किती भारी पडतो याचा धडा त्याने दिला.

लहान विमानांचे एक उदाहरण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. कोस्टा रिकामधील तुरियाल्बा ज्वालामुखीच्या मुखातून निघणारा गंधकयुक्त धूर मोजण्यासाठी २०१३ च्या मार्च महिन्यात ‘ड्रॅगन आय’ या लहान विमानांना तिकडे नेण्यात आले. प्रत्येकाचे वजन तीन किलोंहून कमी. लष्कराने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली. त्यांना विजेचे इंजिन होते, म्हणून राख व विषारी वायू गिळून बंद पडण्याचे भय नव्हते. ज्वालामुखीची राख जेट विमानांच्या इंजिनांत वितळून त्यांना बंद पाडू शकते, आणि या भयाने २०१० साली आइसलँडमधील उद्रेकाच्या वेळी विमाने जमिनीवर थांबवून ठेवावी लागली होती. ती राख कोठे आणि किती आहे हे उपग्रह सांगतो, पण त्याचे सांगणे कितपत भरवशाचे हे ठरवायला कोणीतरी प्रत्यक्ष त्या धुरात जायला हवे. युद्धासाठी घडविलेले आणि मोडीत निघालेले यंत्र ज्वालामुखीच्या मुखाशी जाऊन उपग्रहाच्या आकड्यांची शहानिशा करते, यात मला या विद्येच्या भवितव्याविषयी खरा भरवसा वाटण्यासारखे काही दिसते.

तसा भरवसा वाटण्यासाठी एका गोष्टीविषयी मात्र कठोर राहावे लागेल. विमान उडविणे आता सोपे झाले आहे. मोजणे सोपे झालेले नाही. एकमेकांवर साठसत्तर टक्के चढतील अशी शेकडो छायाचित्रे घेऊन संगणकाकरवी भूपृष्ठाचे त्रिमितीय रूप काढता येते, परंतु जमिनीवर अचूक मोजलेल्या खुणा नसतील तर ते रूप देखणे असूनही वाकलेले, फुगलेले किंवा उतरते निघू शकते, आणि ते तसे आहे हे पाहणाऱ्याला कळतही नाही. पिकाचा हिरवेपणा मोजणाऱ्या कॅमेऱ्याला उड्डाणापूर्वी आणि उड्डाणानंतर ज्ञात परावर्तनाचा फलक दाखविला नाही, तर सकाळचे आणि दुपारचे शेत दोन वेगळी शेते भासतात. उष्णता टिपणारा कॅमेरा स्वतःच तापतो. वाऱ्यात हेलकावणाऱ्या हलक्या विमानावरील प्रकाशमापक तिरपा झाला की सूर्याचा आकडा बदलतो. मालदीवच्या प्रयोगात सर्वांत अधिक श्रम याच चुका काढण्यात खर्ची पडले असतील, असे मी खात्रीने म्हणेन. वैमानिक विमानातून उतरला म्हणून माणसाची जबाबदारी उतरली असे नाही. ती जमिनीवरच्या तंबूत, फलकाशी, खुणेच्या दगडाशी आणि रात्रीच्या आकडेमोडीशी येऊन बसली. ज्या अहवालात चुकीची मर्यादा दिलेली नाही तो अहवाल, चित्रे कितीही मोहक असोत, नामंजूर करण्याचा शिरस्ता आपल्या विद्यापीठांनी पाडावा.

या यंत्रांचा उगम लष्करी आहे आणि त्यांच्याविषयी जनमनात जी धास्ती आहे ती निष्कारण नाही. आपल्या देशात २५ ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी वजनानुसार वर्ग पाडून आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग करून हिरव्या विभागात चारशे फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडण्याची मुभा दिली, हे संशोधनाला निश्चितच उपकारक झाले. परंतु परवाना मिळणे आणि लोकांची संमती मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांचा मेळ कसा घालता येतो याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ज्या असंख्य गावठाणांतील घरांची मोजणी सरकारी दप्तरात कधी झालीच नव्हती, त्यांची मोजणी भारतीय सर्वेक्षण विभाग आणि भूमी अभिलेख खाते यांनी ड्रोनने हाती घेतली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी हे तिच्या अगदी आरंभीच्या गावांपैकी एक, आणि २०२० साली केंद्र सरकारने याच धर्तीवर देशभराची योजना सुरू केली. या कामात विमान वर जाण्याआधी गावकऱ्यांसमक्ष घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. वरून जे टिपले जाते ते खालच्यांनी आधी मान्य केलेले असते. पृथ्वीविज्ञानाच्या मोहिमांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

आता आपल्यापुढे पडलेल्या कामाविषयी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ढग आणि धूलिकण यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास २००९ पासून विमानांतून चालविला आहे आणि २०१८-१९ च्या पावसाळ्यांत वृष्टिछायेतील सोलापूर हे त्याचे केंद्र होते. हवेत कण अधिक झाले की ढगातील पाणी अधिक पण बारीक थेंबांत वाटले जाते आणि ते थेंब पाऊस होऊन पडायला विलंब लागतो. हे कोठे घडते, कोणत्या उंचीवर घडते, कोणत्या कणांनी घडते याचे उत्तर मिळवायला माणसांची विमाने थोडे दिवसच उडू शकतात. ढगाच्या तळाखालची हवा रोज, आठवडेच्या आठवडे, मोजत राहण्याचे काम लहान वैमानिकरहित विमानांना देणे, हे त्या मोहिमेचे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरेल.

आणि सह्याद्री. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गडप होऊन दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये, आणि २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी विमाने उडाली, पण ती दुर्घटनेनंतर. दरड कोसळण्यापूर्वी उताराला बारीक भेगा पडतात, माती सरकते, पाण्याच्या वाटा बदलतात. दाट झाडीखाली साध्या कॅमेऱ्याला हे दिसत नाही आणि लेसरच्या किरणांनी जमीन मोजणारी उपकरणे तिथे घ्यावी लागतील, भर पावसात उडता येणार नाही म्हणून मे आणि ऑक्टोबर हेच दोन महिने धरावे लागतील, आणि एका वर्षाच्या मोजणीतून काहीच कळणार नाही. धोक्याच्या म्हणून आधीच याद्यांत आलेल्या उतारांवरून, त्याच वाटेने, त्याच खुणांच्या आधारे, दहा वर्षे सलग ही मोजणी करण्याची तजवीज जिल्हावार झाली पाहिजे, आणि तिचे नकाशे तहसील कचेरीत बंद न राहता त्या डोंगराखालच्या वस्तीला तिच्या भाषेत समजावून दिले गेले पाहिजेत. त्यासाठी लागणारे शास्त्र पुढील प्रकरणांत दिले आहे. त्यातील लेसर-मापनाचे आणि भूखुणांचे प्रकरण अभियंत्यांनी व तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांनी प्रथम वाचावे.